लिहून झाले, आता तपासा

सोफेराने तोरेची गुंडाळी लिहून पूर्ण केली, एवढ्यानेच ती सिनेगॉगमध्ये वाचण्यास योग्य ठरत नाही. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात; त्यांतील एक जरी गळले तरी ती दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवावी लागते. न तपासलेला ग्रंथ ३० दिवसांहून अधिक काळ घरात ठेवू नये, असे तालमूद सांगते. दारावरची मेझुझाही सात वर्षांत दोनदा तपासावी, असा दंडक आहे. लिहिणे हे एक काम आणि तपासणे हे दुसरे, ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपली अनेक मुलेमुली आज ज्या संगणक व्यवसायात आहेत, त्यालाही हीच शिकवण पुष्कळ ठेचा खाऊन घ्यावी लागली.

आपल्या इमारतीतील लिफ्ट, इस्पितळातील औषधाचा पंप, शेताला ठिबकने पाणी देणारा नियंत्रक, या साऱ्यांच्या पोटात आज एक लहानसा संगणक दडलेला असतो. अनेकदा त्याला स्वतःची कार्यप्रणालीही असते. अभियंते हजारो लहानमोठ्या फायली जुळवून तिचे एकच गाठोडे बांधतात. त्याला ते ‘इमेज’ म्हणतात. हे गाठोडे जसेच्या तसे यंत्राच्या स्मृतीत उतरवले जाते. परंतु गाठोडे बिनतक्रार बांधले गेले म्हणजे यंत्र चालेलच असे नाही. व्याकरण शुद्ध असलेले वाक्यही खोटे असू शकते, तसाच हा प्रकार आहे.

पूर्वी अभियंता ती इमेज कार्डावर घेऊन यंत्रात घाली, वीज लावी आणि चार बटणे दाबून पाही. आता दिवसातून अनेकदा नवी इमेज तयार होते; तेवढे हाताने पाहणे माणसाच्या आवाक्यातले राहिले नाही. म्हणून तपासणीही यंत्रावरच सोपवली गेली.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केलेला योक्टो प्रकल्प. त्यात इमेज बांधून होताच ती क्यूईएमयू नावाच्या आज्ञावलीत सुरू करता येते. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये पुढे आणलेली ही आज्ञावली दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करते. प्रत्यक्ष यंत्राची गरजच पडत नाही. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. प्रणाली जागी झाली काय? जाळ्यावरून हाक मारली असता ओ देते काय? दूरवरून आत प्रवेश मिळतो काय? सुरू होताना एखादी सेवा कोलमडली काय? त्यानंतर खऱ्या यंत्राची पाळी येते. एक तार त्याचे संदेश वाचीत असते, एक खटका त्याची वीज आज्ञेनुसार तोडतो व जोडतो. ठरलेल्या मिनिटांत यंत्र जागे झाले नाही, तर ती इमेज नापास होते.

एवढे असूनही चूक निसटतेच. प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी अशाच एका पाणी-नियंत्रकाच्या कामावर होता. इमेज सर्व कसोट्यांतून पार पडली होती. ताम्मुझ महिन्याच्या ऐन उन्हात नेगेवमधील एका शेतावर रात्री वीज गेली. त्या नियंत्रकातील घड्याळाला बॅटरी नव्हती. वीज परतली तेव्हा ते १ जानेवारी १९७० वर जाऊन बसले होते. खरी वेळ कळण्यासाठी मध्यवर्ती संगणकाशी सुरक्षित संपर्क हवा. पण १९७० सालच्या घड्याळाला त्या संगणकाचे ओळखपत्र अद्याप लागूच न झालेले वाटले. म्हणून संपर्क नाही, आणि संपर्क नाही म्हणून वेळ नाही! दोन दिवस पाणी सुटले नाही. कोवळी रोपे करपली. आमच्या तपासणीच्या खोलीत मात्र जाळ्यावरून खरी वेळ क्षणात मिळे, आणि क्यूईएमयू तर आपले घड्याळ यजमान संगणकावरूनच घेई.

शेतकऱ्याने एकच प्रश्न विचारला : “तुम्ही वीज घालवून पाहिली होती का?” त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

थोरामोठ्यांच्या हातूनही हे घडले आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याची दिशा सांभाळणारी आज्ञावली एरियान ४ वर उत्तम चालली होती. नव्या बाणाच्या वेगवान मार्गाची खरी आकडेवारी घालून ती तपासलीच गेली नव्हती.

इस्राएलमध्ये आज मेझुझाही संगणकाने तपासतात. गळलेले वा जादा झालेले अक्षर तो अचूक दाखवतो. परंतु अक्षरे क्रमाने लिहिली की मागून एखादे भरले, हे त्याला कळत नाही. तेथे जाणकाराची नजर आणि सोफेराचा सचोटीचा शब्दच हवा. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. न विचारलेला प्रश्न सुचणे हे माणसाचे काम होय.

त्या प्रसंगानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. इमेज जेव्हा बांधली गेली, त्या तारखेच्या मागे घड्याळ जाऊ नये अशी सोय केली. आणि प्रत्येक नव्या इमेजसाठी एक कसोटी वाढवली : जाळे तोडायचे, वीज घालवायची, घड्याळ १९७० वर न्यायचे आणि मग पाणी सुटते काय ते पाहायचे. त्या कसोटीला आम्ही त्या शेतकऱ्याचेच नाव दिले आहे.