जंतूचा आकार आणि आपली फसगत

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रांमुळे जीवाणूंचे आकार डोक्यात पक्के बसलेले असतात: गोल, दांडीसारखे, पीळदार. मग आकार पाहिला की जंतू ओळखता येतो, असं वाटू लागतं. अन्नातून आजार पसरवणाऱ्या जीवाणूंच्या बाबतीत हा समज धोक्याचा आहे.

आपल्या आतड्यात निरुपद्रवी राहणारा ई. कोलाय आणि १९८२ मध्ये अमेरिकेत हॅम्बर्गरमधून रक्ताचे जुलाब पसरवणारा ई. कोलाय ओ१५७:एच७, दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच आखूड दांड्या दिसतात. फरक शिगा विष तयार करणाऱ्या जनुकांचा आहे.

उलट, एकच जंतू वेगवेगळी रूपंही घेतो. अर्धकच्च्या चिकनमधून किंवा न तापवलेल्या दुधातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी ताजा असताना पीळदार असतो. आतड्यातल्या चिकट श्लेष्म्यातून वाट काढायला तो पीळ कामी येतो. पेशीभित्तिकेची कातरणी करणारं पीजीपी१ हे विकर नसेल, तर जंतू सरळ होतो आणि कोंबडीच्या पिल्लांच्या आतड्यात त्याचा नीट जम बसत नाही. हवेतला ऑक्सिजन लागला किंवा उपासमार झाली, की हाच जंतू गोल होतो. गोल झाला म्हणजे मेला, हा आणखी एक समज. पुष्कळ मरतातही, पण काही पेशी जिवंत असूनही प्रयोगशाळेतल्या थाळीवर वाढत नाहीत, असं संशोधकांना आढळलं आहे.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते साल्मोनेलाचं वागणं. थंडीत किंवा ओलावा कमी असलेल्या खाऱ्या पदार्थात त्याची पेशी लांबत राहते, पण दुभागत नाही. लांबच लांब तंतू तयार होतो. थाळीवर मोजणी केली, तर अख्ख्या तंतूची एकच वसाहत उमटते. पदार्थ पुन्हा उबेला आला, की तो तंतू थोड्या वेळात अनेक पेशींमध्ये तुटतो. म्हणजे फ्रिजमध्ये जंतूंची संख्या वाढली नाही, हा निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

आणि शिळ्या भाताला फोडणी दिली की सगळं मरतं, हेही खरं नाही. दांडीसारखा बॅसिलस सिरियस पेशीच्या आत टणक बीजाणू तयार करतो. हा बीजाणू भात शिजतानाही तग धरतो आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला, की त्यातून नवे जंतू वाढतात. त्यांचं उलटी आणणारं सेरिउलाइड हे विष १२१ अंश सेल्सिअसलाही टिकतं. कढईतल्या परतण्याने ते जात नाही. उरलेला भात पसरून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.