गल्ला जुळेपर्यंत

निपाणीच्या जुन्या पी.बी. रोडवर स्वस्त मालाचं एक मोठं दुकान आहे. गावात त्याला सगळे मॉलच म्हणतात. तिथं ती बिलिंग काउंटरवर असते. तिचं नाव आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण नोकरी जाईल ती तिची.

सकाळी ६
अक्कोळातल्या घरात भाकऱ्या थापून झाल्यात. दोन डबे भरायचे आहेत, एक मुलाचा आणि एक स्वतःचा. आजी चुलीजवळ बसून खोकते आहे. हा खोकला तंबाखूच्या वखारीतला. तरुणपणी आजी निपाणीच्या वखारीत धुरळ्यात उभी राहून तंबाखू चाळायची. १९८०च्या आसपास तिथल्या बायकांनी संघटना बांधली, मजुरी वाढवून घेतली, कामाचे तास ठरवून घेतले. युगांतर या स्त्रियांच्या गटानं १९८२ साली त्यांच्यावर माहितीपटही केला. नात कामाला निघाली की आजी रोज एकच विचारते, "आज किती वाजता सोडत्यात?" रोज उत्तर एकच, "गल्ला जुळला की."

सकाळी ८.३०
निपाणीची बस. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचं शून्य तिकीट मिळतं, त्यामुळं महिन्याचे जाण्यायेण्याचे पैसे वाचतात. याच दुकानात मालाच्या रॅकवर असलेली तिची मैत्रीण कागलहून, म्हणजे महाराष्ट्रातून येते. तिला हे तिकीट नाही. काम एक, दुकान एक, पगारही जवळपास सारखाच, पण मैत्रिणीच्या पगारातला एक तुकडा वाटेतच जातो. सीमाभागात असे हिशेब घरोघरी आहेत.

सकाळी ९.३०
बोटाचा ठसा देऊन हजेरी. ड्रॉवरमध्ये सुट्ट्या पैशांची थैली मोजून घ्यायची आणि वहीत सही करायची. या सहीनंतर रात्रीपर्यंत त्या ड्रॉवरमधला रुपयान् रुपया तिच्या नावावर. दुकान दहाला उघडतं. काउंटरवर खुर्ची नाही. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या माणसांना बसायला जागा देणं कायद्यानं सक्तीचं केलं. निपाणीत ती दिवसभर उभीच असते.

सकाळी ११
एक म्हातारे काका. साखर, तेल, चहापूड, बिल चारशेच्या आत. त्यांनी कार्ड पुढं केलं. काउंटरवर पाटी आहे: ५०० रुपयांच्या आत कार्ड चालणार नाही.

"पैसे माझेच हाईत न्हवं? मग का चालंना?"

"काका, फोनपे करा की."

"फोन साधा हाय गं पोरी माझा."

मागं रांग वाढते. काका तिच्यावर चिडतात, पाटी लावणाऱ्यावर चिडायला तो समोर नसतो. शेवटी तेलाची पिशवी बाजूला ठेवून, खिशात होते तेवढ्या रोख पैशांत बसेल तेवढंच घेऊन ते जातात.

ही पाटी का लागते, तेही सांगायला हवं. कार्ड घासलं की बिलातला थोडा वाटा बँकेकडं आणि कार्ड कंपनीकडं जातो. डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेनं त्याला कमाल मर्यादा घातली आहे. २०१८ पासून मोठ्या दुकानांसाठी ती शेकडा ९० पैसे आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच नाही, तिथं दुकानदाराला शंभराला दीड-दोन रुपयेही सोडावे लागतात. डी-मार्टसारख्या देशातल्या बलाढ्य साखळीचाही निव्वळ नफा विक्रीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो. त्यातले दीड-दोन गेले तर मालकाला झोंबणारच. त्याची तक्रार खोटी नाही.

पण काकांचं कार्ड रूपे होतं, जनधन खात्यावर मिळालेलं. रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय या दोन्हींवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला काहीच सोडावं लागत नाही. म्हणजे ज्या कार्डावर दुकानाचं एका पैशाचं नुकसान नाही, तेही ही पाटी परत पाठवते. सीमाभागातल्या खेड्यांत म्हाताऱ्यांच्या, पेन्शनवाल्यांच्या खिशात बहुतेक हेच कार्ड असतं. "रूपे डेबिट चालेल" एवढी एक ओळ पाटीवर वाढवली तर काकांचं तेल घरी जाईल आणि तिच्या वाट्याची बोलणी थांबतील. तिनं हे सुपरवायझरला एकदा सांगितलं. "तुझं काम बिल करायचं," असं उत्तर आलं.

दुपारी २.३०
जेवण. पाच तासांनंतर एक तासाची सुट्टी हा कर्नाटकाच्या १९६१च्या दुकाने कायद्याचा नियम. कागदावर तास लागतो, पण अर्ध्या तासात हाक येते. डब्यातली भाकरी ती गोदामात पोत्यावर बसून खाते. टेकायला तेवढंच मिळतं.

संध्याकाळी ६ ते ७.३०
खरी गर्दी आता. कारखान्यातून सुटलेली माणसं, कागल-कोगनोळीकडचे मोटरसायकलवाले, लेकराबाळांसह आलेल्या बायका. तोंडानं मराठी, कन्नड, हिंदी आलटून पालटून, हात बारकोडवर. आणि नेमकी याच वेळी रेंज जाते. गिऱ्हाईक म्हणतं, "पैसे कटले बघा." त्याच्या फोनवर कटलेले दिसतात, तिच्या मशीनवर आलेले दिसत नाहीत. असे अडकलेले पैसे पाच दिवसांत आपोआप परत गेले पाहिजेत, उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे. पण तो पाच दिवसांचा. तिचा गल्ला आज रात्री जुळायचा आहे. सामान सोडलं आणि पैसे आले नाहीत तर फरक तिच्या नावावर. सामान अडवलं तर सगळ्या रांगेसमोर भांडण. हा निर्णय ती एका मिनिटात, एकटी घेते.

साडेसातला सूचना येते: आधी बोट लावा, मग टॅली करा. हजेरीचं मशीन तिला घरी गेलेली दाखवतं.

रात्री ७.३० ते ८.३०
टॅली म्हणजे तीन रकाने. रोख, कार्ड, यूपीआय. नोटा मोजायच्या, कार्ड मशीनचं सेटलमेंट काढायचं, फोनवरच्या जमा रकमा एकेक करून पडताळायच्या. पैसे देण्याच्या तऱ्हा वाढल्या तसा हा तास लांबत गेला. आज १४० रुपये शॉर्ट. महिनाअखेर पगारातून वजा. कायदा सांगतो की पैसे कमी पडले ते तिच्याच हलगर्जीपणामुळं, हे आधी ठरलं पाहिजे आणि कापण्यापूर्वी तिचं म्हणणं ऐकलं पाहिजे. १९३६च्या वेतन कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. तिला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. वहीत आकडा लिहितात आणि कापतात.

आता तासांचा हिशेब मांडतो, कारण तो कुणीच मांडत नाही. जेवणाची सुट्टी पूर्ण धरली तरी दिवसाचे ९ तास होतात. सहा दिवसांचे ५४. कायद्यात आठवड्याचे तास ४८, त्यापुढचं काम दुप्पट दरानं. म्हणजे ६ तास जादा. त्यात टॅलीचे ६ मिळवले की १२. दुप्पट दरानं त्याचे २४ तासांचे पैसे होतात. दर आठवड्याला अर्ध्या आठवड्याचा पगार या बाईला मिळत नाही. कार्डावरचे शेकडा ९० पैसे ज्याला टोचतात, त्याच्या वहीत या रकमेला रकानाच नाही.

अल्डी ही स्वस्त मालाची जर्मन साखळी. खर्च वाढतो म्हणून अमेरिकेत २०१६ पर्यंत तिनं क्रेडिट कार्ड घेतलंच नाही. पण तिच्या दुकानांत काउंटरवरचा माणूस खुर्चीवर बसून बिल करतो. काटकसर करताना माणसाचे पाय वापरायलाच हवेत, असं काही नाही.

रात्री ८.४५
बसस्टँड. अक्कोळची गाडी गेली तर वडापची, म्हणजे खासगी जीपची, वाट पाहायची. शून्य तिकीट तिथं चालत नाही. रात्री बायकांना थांबवून घेतलं तर त्यांची ने-आण मालकानं करायची, हा नियमही कर्नाटकात आहे. या रस्त्यावर अशी गाडी मी अजून पाहिलेली नाही.

निपाणी, चिकोडी, बेळगावच्या वाचकांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी कार्ड परत आलं तर काउंटरवरच्या मुलीशी भांडू नका, मॅनेजरला बोलवा. रूपे डेबिट का घेत नाही ते विचारा. त्याच दमात विचारा की या मुलींचं बोट टॅलीच्या आधी लागतं की नंतर, आणि इथं खुर्ची का नाही. नोकरीच्या भीतीनं ती हे रेटून विचारू शकत नाही. तुमची नोकरी तिथं नाही, तुम्ही विचारू शकता.