संस्था येते, संस्था जाते. काम कुणाचं राहतं?



तळेघर, आंबेगाव, जुन्नर या आपल्या डोंगरपट्ट्यात संस्था येत असतात. सर्वे होतो, सह्या-अंगठे होतात, कधी शिलाई मशीन मिळतं, कधी बियाणं. दोन-तीन वर्षांत प्रकल्प संपतो आणि त्यांची गाडी यायची थांबते. त्यानंतर काही कामं चालू राहतात, काही बंद पडतात. असं का होतं, ते आज समजून घेऊ.

आधी दोघांतला फरक पाहू. संस्थेकडे पगारी, शिकलेली माणसं असतात. कोणत्या कार्यालयात कोणता कागद लागतो, हे त्यांना ठाऊक असतं. पण त्यांचा पैसा देणगीदाराचा असतो आणि त्याचा हिशेब ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. आपल्या बचत गटाकडे पगार नाही. घर, गुरं, शेत सांभाळून आपण बैठकीला येतो. मात्र कोणाच्या घरी खरी अडचण आहे, कोणता झरा कधी आटतो, हे आपल्याला विचारावं लागत नाही. शिवाय प्रकल्प संपला तरी आपण इथेच असतो. त्यांना मार्चअखेरीची घाई, आपल्याला आवणीची. म्हणूनच ऐन आवणीत प्रशिक्षण ठेवलं की खुर्च्या रिकाम्या राहतात आणि अहवालात लिहिलं जातं, ‘महिलांचा प्रतिसाद कमी’.

जोड नीट बसली तर काय होतं, ते आपल्याच भागातल्या पडकईत दिसतं. डोंगरउतारावर बांध घालून भाताची खाचरं काढणं एका घराच्या आवाक्यातलं नाही. म्हणून काही घरं एकत्र येतात आणि आळीपाळीनं एकमेकांच्या शेतावर राबतात. ही रीत आपल्या वाडवडिलांची. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं ती नव्यानं शिकवली नाही. ती लोकांना येतच होती. अडचण वेगळी होती. स्वतःच्या बांधावर राबायचं तर तेवढ्या दिवसांची बाहेरची मजुरी बुडते, आणि हातावर पोट असलेल्या घराला ते परवडत नाही. संस्थेनं नेमकं तिथं बळ दिलं. या कामाला मदत उभी केली, सरकारी पैसा मिळावा म्हणून पाठपुरावा केला. राबण्याची रीत लोकांची, शेत लोकांचं. कागद आणि पैशाची वाट संस्थेची. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पण आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही की खाचर शेतकऱ्याचंच राहतं.

शेजारच्या खेड तालुक्यातही असंच उदाहरण आहे. सुधाताई कोठारी यांच्या ‘चैतन्य’ संस्थेनं गटांना हिशेबाची शिस्त शिकवली, पण गटांचा ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ बायकांचा स्वतःचा उभा राहिला.

संकटातही दोन्ही बाजू लागतात. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, सुमारे दीडशे माणसं गेली. गाव दिसत नाही, हे त्या सकाळी तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. मग आपत्ती दलाचे जवान आले, यंत्रं आली, राज्यभरातून मदत आली. एवढा ढिगारा उपसणं गावकऱ्यांच्या हातचं नव्हतं. पण कोणतं घर कुठं होतं आणि त्यात कोण राहत होतं, हे सांगायला इथलंच माणूस हवं.

म्हणून एखादी संस्था दारी आली तर तिला पाणी द्यावं, बसवावं आणि ‘हो’ म्हणण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, हे काम कुणी मागितलं? गटात चर्चा न होता आलेलं काम गटाला आपलं वाटत नाही.

दुसरी, पैसा कुणाच्या खात्यावर येणार आणि खर्च कोण ठरवणार? ठराव आपल्या वहीत लिहावा आणि बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवावा.

तिसरी, आपल्या श्रमाचं काय? ‘ताई, तुम्ही तर सेवा करता’ असं म्हणून घरोघरी फिरण्याचं काम गटावर टाकलं जातं. सेवा आपण आपल्या खुशीनं करतो. पण दुसऱ्याच्या प्रकल्पासाठी दिवस मोडत असेल तर त्या दिवसाची मजुरी मागण्यात लाज कसली? ज्या बाईची मजुरी बुडते, ती पुढच्या वेळी येत नाही. मग गटात फक्त सवड असलेल्या बायका उरतात आणि गरीब घर बाहेर पडतं.

चौथी, तुम्ही गेल्यावर मशीन दुरुस्त कोण करणार, कागद कोण भरणार? ते काम आपल्यातल्या दोघींना पहिल्या वर्षीच शिकवा, असं सांगावं. शेवटच्या महिन्यात शिकवलेलं पुरत नाही.

हे विचारलं म्हणून चांगली संस्था रागावत नाही. उलट गट जागा आहे, हे तिला कळतं. आपणही आपली बाजू पाळू या. वही वेळेवर लिहू, पावत्या जपू, जमणार नसेल तर आधीच ‘नाही’ सांगू.

येत्या बैठकीत हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही, त्या मैत्रिणींना पाठ करायला सांगा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.