ओव्हलच्या दोन बाजू

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवरचं दगडी व्हिक्टोरियन गॉथिक, तर दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या आर्ट डेको इमारती. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने ९४ इमारतींच्या या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. घारापुरी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनंतरचं हे मुंबईतलं तिसरं स्थळ.

या दर्जासाठीची मागणी नागरिकांनी लावून धरली, हे मला फार मोलाचं वाटतं. रहिवाशांच्या संघटना, अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट आणि काळा घोडा असोसिएशन वर्षानुवर्षं यामागे होत्या. नामांकनाचा प्रस्ताव वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी तयार केला. त्याआधी, १९९५ मध्येच, मुंबईत वारसा नियमावली लागू झाली होती.

डेको इमारतींत लोक आजही राहतात, म्हणून जतनाची खरी कसोटी घरोघरी लागते. गोलाकार बाल्कनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद झाली किंवा जिन्याची नक्षीदार जाळी भंगारात गेली, की इमारतीचा चेहराच हरवतो. आर्ट डेको मुंबई ही संस्था शहरभरच्या अशा इमारतींची नोंद करते आणि वारसाफेऱ्यांतून त्या लोकांना दाखवते. गॉथिक बाजूचं दुखणं निराळं: जुन्या दगडी भिंतींच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरलं, तर ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.