जन्मठेप म्हणजे नेमकी किती वर्षं?

जन्मठेप म्हणजे किती वर्षं, असं इथे जरीपटक्यात कुणालाही विचारा. ‘चौदा’ असंच उत्तर येईल. कायदा मात्र तसं म्हणत नाही. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे हाच वाद घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९६१ साली न्यायालयाने सांगितलं, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सूट द्यायची की नाही ते सरकार ठरवेल.

मग चौदा आले कुठून? १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर चौदा वर्षांच्या आत सुटका नाही. म्हणजे चौदा हा उंबरठा झाला. तिथे पोचलं की दार उघडतंच, असं नाही.

खुनाला शिक्षा दोनच, फाशी नाहीतर जन्मठेप. १९८०च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी केवळ ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात. न्यायाधीश गुन्हा तोलतात तसा माणूसही तोलतात: वय, पूर्वायुष्य, सुधारण्याची शक्यता. पण फाशी जास्त वाटली आणि चौदा वर्षं फारच कमी वाटली तर? २००८ साली श्रद्धानंद निकालाने मधली वाट काढली, ‘अमुक वर्षं सुटका नाही’. हा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयालाच आहे, हे २०१५ साली घटनापीठाने ठरवलं.

आता आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली.

तुम्ही म्हणाल, २५ म्हणजे चौदापेक्षा जास्तच की! पण लोकांना सलला तो केवळ आकडा नव्हे. हत्येमागे सूड होता, जात नव्हती, असं न्यायालयाने मानलं. अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ साली वारले, तोवर त्यांचा झगडा चालूच होता.

हेतू कोणता मानला, यावर गुन्ह्याचं वजन ठरतं, आणि वजनावर वर्षं. म्हणून निकाल आला की आधी आकडा पाहू नका, कारणं वाचा. चूक झाली असेल तर तिथेच सापडते, अपीलही तिथूनच उभं राहतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.