घरगुती सिम्युलेटरसाठी विमानोपकरणांची निवड

घरी उभारलेले सिम्युलेटरचे कॉकपिट हा सकृद्दर्शनी हौसेचा विषय वाटतो. तथापि शिक्षणयंत्र मूळ यंत्राशी कोणत्या बाबतीत व किती सारखे असावे, हा अभियांत्रिकीतील जुना प्रश्न येथे लहान प्रमाणावर, पण स्पष्ट रूपात उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात सेसना १७२ या एकइंजिनी विमानाचे कॉकपिट उदाहरणादाखल घेऊन त्याचा विचार करावयाचा आहे.

एडविन लिंक याने अमेरिकेत १९२९ मध्ये सिद्ध केलेल्या शिक्षणयंत्रात ऑर्गन वाद्याच्या कारखान्यातील भाते योजिले होते. साधन परके असले तरी त्याने घडविलेली हालचाल उपयोगी पडली. पुढे १९७० मध्ये प्रॉफेट व बॉइड यांनी कॉकपिटमधील कार्यक्रम शिकविण्यासाठी एक महागडे यंत्र आणि फळ्या व छायाचित्रे यांची साधी प्रतिकृती यांची तुलना केली, तेव्हा दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच आढळला. हा निष्कर्ष क्रमाने करावयाच्या क्रियांपुरता मर्यादित आहे. परंतु साम्य वस्तूचे नव्हे, तर कार्याचे पाहावे, हा निकष त्यातून हाती येतो.

या निकषावर प्रथम जुन्या विमानांतून काढलेली अस्सल उपकरणे तपासू. उंचीमापकातील निर्द्रव डबी हवेच्या दाबानुसार फुगते अथवा आकसते. खोलीतील दाब स्थिर असल्यामुळे तेथे काटा हलणार नाही. जुन्या सेसनातील क्षितिजदर्शकाचा जायरोस्कोप निर्वात पंपाच्या ओढीने फिरतो, तर मोठ्या विमानांतील अनेक उपकरणांना ११५ व्होल्ट व ४०० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. आधुनिक उपकरणे बहुधा एआरआयएनसी ४२९ या पद्धतीने येणारे ३२ बिटांचे शब्द वाचतात. सारांश, अस्सल उपकरण घेणाऱ्यास त्याच्याभोवतीचे विमानही काही अंशी निर्माण करावे लागते. अन्यथा आतील यंत्रणा काढून केवळ तबकडी व काटा ठेवावा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे काट्यामागे स्टेपर मोटर बसविणे. मोटारगाडीच्या तबकड्यांत वापरली जाणारी एक्स २७.१६८ ही लहान मोटर सुमारे ३१५ अंश फिरते आणि एका अंशाचे तीन टप्पे करते. इंधनदर्शक किंवा तेलदाबदर्शक यांना ती पुरेशी आहे. उंचीमापकाचा मोठा काटा मात्र दर १००० फुटांस एक पूर्ण फेरी घेतो, म्हणून तेथे अटकाव नसलेली मोटर हवी. अटकावाची मोटर आरंभी मागे नेऊन शून्यावर आणता येते. मुक्त मोटरला शून्यस्थान कळावे म्हणून प्रकाशीय अथवा चुंबकीय संवेदक जोडावा लागतो. हा भेद ध्यानात न घेता एकाच जातीच्या सहा मोटरी विकत घेणे व्यर्थ होय.

तिसरा मार्ग सपाट पडद्याचा. वर्तुळाकार छिद्रे पाडलेल्या फळीमागे एकच पडदा ठेवल्यास सहाही तबकड्या दिसतात, आणि खर्च व बिघाड दोन्ही कमी होतात. काटा केवळ वाचावयाचा असल्यामुळे कार्यसाम्याची हानी अल्प होते.

येथपर्यंत विचार डोळ्यांचा झाला. हाताचा विचार याहून कठोर आहे. काचेवर काढलेल्या बटणाला कडा नसते, म्हणून प्रत्येक वेळी नजर तबकड्यांवरून काढावी लागते. रेडिओच्या नॉबला अंत नसतो. तेथे अंतिम थांबे असलेला पोटेन्शिओमीटर न लावता खटके देणारा रोटरी एन्कोडर योजावा. मॅग्नेटोसाठी पाच स्थानांचा फिरता स्विच हवा. सेसनात काळा थ्रॉटल डावीकडे व इंधन-मिश्रणाचा तांबडा दांडा त्याच्या उजवीकडे असतो. दोन्ही आतबाहेर सरकतात, आणि तांबडा पूर्ण बाहेर ओढताच इंजिन बंद पडते. घरच्या रचनेत हे दोन सारख्याच आकाराचे बसविले किंवा त्यांची अदलाबदल केली, तर हाताला लागलेली ती सवय खऱ्या उड्डाणात घात करील.

जोडणीसाठी मायक्रोकंट्रोलर पुरेसा आहे. ६४ स्विच आठ ओळी व आठ स्तंभ यांच्या जाळ्यात गुंफल्यास १६ तारांत काम भागते. मात्र प्रत्येक स्विचबरोबर डायोड नसेल, तर एकाच वेळी अनेक स्विच चालू असता न दाबलेलाही दाबल्यासारखा वाचला जातो. मोटरींना स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा आणि दोन्हींची ऋण बाजू एकत्र जोडावी.

यास्तव खर्चाचा क्रम असा ठरतो : प्रथम हाताची साधने, मग पडदा, आणि शेवटी, इच्छा व द्रव्य उरल्यास, यांत्रिक काटे. या क्रमाने उभारलेले कॉकपिटही विमानवाहतूक अधिकाऱ्यांच्या मान्यतेवाचून परवान्यासाठी लागणाऱ्या तासांत गणले जात नाही. त्याचे मोल तेथे लागणाऱ्या सवयींवर अवलंबून आहे, आणि त्या सवयी योग्य असाव्यात यासाठीच निवडीची ही दक्षता घ्यावयाची.