रोह्याहून विमान का सुटत नाही?

रोह्याच्या एका शाळेत विमानांविषयी बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, पनवेलला विमानतळ झाला. मग रोह्याहून मुंबईला विमान कधी सुटणार?" वर्गातली मुले हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सरकार आणि विमान कंपन्या गेली चाळीसहून अधिक वर्षे याच प्रश्नाशी झटापट करीत आहेत. त्या दिवशी त्या मुलाला मी अर्धवट उत्तर दिले. ते आज पुरे करतो.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. हा विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात आहे. सरळ रेषेत मोजले तर पेणपासून तीस किलोमीटरच्या आत आणि रोह्यापासून साठेक किलोमीटरवर. एवढ्या जवळ विमाने आल्यावर आपल्याकडेही एखादे लहान विमान का येऊ नये, असे कुणालाही वाटेल.

आधी विमानसेवेचे दोन प्रकार समजून घेऊ. एसटी ठरल्या वेळी सुटते, मग आत चार माणसे असोत की चाळीस. ही झाली वेळापत्रकाची सेवा. मिनिडोरवाला मात्र गाडी भरेपर्यंत थांबतो किंवा पूर्ण भाडे घेऊन तुमच्या एकट्यासाठी निघतो. ही झाली टॅक्सी. आकाशातही हेच दोन प्रकार आहेत आणि कायद्यात दोहोंचे परवाने वेगळे असतात. गंमत अशी, की आपल्याकडे १९९० नंतर खासगी कंपन्यांना आकाश खुले झाले ते 'एअर टॅक्सी' याच नावाने. नियमित सेवेचा मक्ता तेव्हा कायद्याने सरकारी महामंडळांकडे होता. त्यामुळे या कंपन्यांना वेळापत्रक जाहीर करण्यास मनाई होती. १९९३ मध्ये सुरू झालेली जेट एअरवेजसुद्धा आरंभी कागदोपत्री टॅक्सीच होती! १९९४ मध्ये तो जुना कायदा रद्द झाला, तेव्हा त्यांना विमान कंपनी म्हणवून घेता आले.

आता लहान विमाने खरोखर कुठे चालतात ते पाहू. भूतानला समुद्र नाही आणि रेल्वेही नाही. त्या देशाने १९८१ मध्ये ड्रुक एअर ही कंपनी काढली आणि १९८३ च्या फेब्रुवारीत तिचे पहिले विमान पारोहून कोलकात्याला गेले. ते छोटे डॉर्नियर विमान होते. ज्याला बंदर नाही, त्या देशाने विमानतळालाच बंदर केले. देशांतर्गतही तेच. पारोहून बुमथांगला डोंगरातल्या वळणांवरून मोटारीने जायला आख्खा दिवस मोडतो. विमान अर्ध्या-पाऊण तासात पोचवते.

नेपाळमधले लुक्ला त्याहून अवघड. तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि तीही चढाची. एकेकाळी जिरी गावाहून लुक्लाला पायी जायला आठवडाभर लागे. अशा ठिकाणी १९ आसनी विमान तिकिटाला कितीही पैसे मागो, माणूस देतो. कारण त्याची बरोबरी गाडीशी नसते, आठवडाभराच्या पायपिटीशी असते.

इथेच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. रोह्याच्या विमानाची बरोबरी कशाशी होईल? दिव्याला जाणाऱ्या गाडीशी, एसटीशी आणि स्वतःच्या मोटारीशी. विमान वीस मिनिटांत मुंबईला पोचेल, हे खरे. पण तासभर आधी हजर राहायचे, तपासणी करायची, उतरल्यावर पुन्हा शहरातल्या गर्दीत शिरायचे. वाचलेला वेळ या सगळ्यात विरून जातो.

उरलेले निम्मे उत्तर हिशेबाचे. विमानाला सर्वांत जास्त जोर लागतो तो जमिनीवरून उठून वर चढताना. लांबच्या प्रवासात हा खर्च अंतरावर विभागला जातो. जवळच्या प्रवासात विमान धड वर चढले नाही तोच उतरायला लागते. चाके, ब्रेक, सांगाडा यांची झीज किलोमीटरवर नव्हे, तर चढ-उतारांवर मोजतात. शिवाय आसने १९ असोत वा १८०, नियमित प्रवासी विमानाला वैमानिक दोन लागतात. त्यांचा पगार १८० जणांत वाटणे वेगळे आणि १९ जणांत वाटणे वेगळे. आसने १९ च्या वर गेली की हवाई सेवक ठेवणे सक्तीचे होते, म्हणून लहान विमानांचा आकडा नेमका १९ वर अडकलेला दिसतो.

महाराष्ट्रानेही हे प्रयोग करून पाहिले आहेत. देशभरातल्या लहान गावांसाठी १९८१ मध्ये 'वायुदूत' ही सरकारी कंपनी निघाली. तिच्याकडेही कानपूरला बांधलेली डॉर्नियर विमाने होती. भूतानमध्ये ज्या जातीच्या विमानाने देशाचे दार उघडले, त्याच जातीचे विमान घेऊन वायुदूत तोट्यात बुडाली आणि १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. दोष विमानाचा नव्हता. मग २०१६ मध्ये 'उडान' योजना आली. साधारण तासाभराच्या प्रवासाला निम्म्या आसनांसाठी अडीच हजार रुपयांच्या आसपास भाडे, तूट सरकारने भरायची, मुदत तीन वर्षांची. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनने नाशिक आणि जळगावहून मुंबईला १९ आसनी विमान सुरू केले. पण गजबजलेल्या मुंबई विमानतळावर सोयीची वेळ मिळणे कठीण. फेऱ्या अनियमित झाल्या आणि पुढे बंद पडल्या. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. तीन वर्षांची मुदत संपल्यावर, २०२४ मध्ये, तिथली मुंबईची उडान सेवा थांबली. पाण्यावर उतरणारी विमानेही आली. २०१४ मध्ये जुहू ते पवना धरण अशी सेवा निघाली, ती टिकली नाही. गुजरातेत साबरमती ते केवडिया ही सेवा ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाली आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये बंद झाली.

आणखी एक गोष्ट आपल्या कोकणाची म्हणून सांगायला हवी. ती म्हणजे पाऊस. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. पण पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई आणि विमानांना पुण्याचा आसरा घ्यावा लागे. आज धावपट्ट्या पक्क्या आहेत, पण ढग तेच आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. हेलिकॉप्टरे तयार ठेवली होती, पण हवामानाने त्यांना उडू दिले नाही. मदतीला जाणारी माणसे चिखलातून पायीच गड चढून गेली. ज्या दिवशी आकाशाची सर्वांत जास्त गरज असते, नेमके त्याच दिवशी ते आपल्याकडे बंद असू शकते.

मग विमान आपल्या कामाचे नाहीच का? तसे नाही. पेणच्या गणेशमूर्तींचे उदाहरण घ्या. परदेशी जाणाऱ्या मूर्ती मुख्यतः जहाजाने जातात. विमानात वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्याचे भाडे लागते. ६,००० घनसेंटिमीटर म्हणजे एक किलो, असा नेहमीचा हिशेब. ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच पेटी ३६ किलोंची धरली जाते, आतली मूर्ती दहा किलोंची का असेना. म्हणून बाप्पा महिनोन्‌महिने आधी बोटीने निघतात. पण चतुर्थी तोंडावर आली असताना परदेशातल्या एखाद्या मंडळाची मूर्ती भंगली, तर विमानाला पर्याय नाही.

म्हणजे विमान हे घाईच्या आणि लांबच्या कामाचे साधन आहे. लांबच्या कामासाठी पनवेलचा विमानतळ आपल्याला मिळाला आहे. आपण मागायचे ते हे, की पहाटेच्या विमानाला पोचता येईल अशी रोह्याहून गाडी असावी, पेणहून रात्रीही एसटी असावी आणि महामार्ग खड्ड्यांवाचून असावा. घाईच्या कामासाठी प्रत्येक तालुक्याला उजेडाची सोय असलेला, तारांपासून मोकळा असा एक हेलिपॅड असावा. तो कुठे आहे आणि कुणाला फोन करायचा, हे ग्रामीण रुग्णालयातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. आणि पाऊस कोसळत असेल तेव्हा रुग्णवाहिका धावू शकेल असा रस्ता हवाच.

त्या मुलाला मी एवढेच सांगेन, की बाळा, रोह्याहून विमान बहुधा सुटणार नाही. पण तुझे विमान चुकणार नाही, एवढी सोय आम्ही मोठ्यांनी नक्कीच करायला हवी.